आबांचे कानातले

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमधून पत्रे ठोकून ठोकून निवृत्त झाले, तेव्हा कान तिथेच ठेवून आले. कऱ्हाडहून ते दोन महिन्यांसाठी आमच्या हिंदी मुलखातल्या सांगानेरच्या, विमानतळाजवळच्या फ्लॅटवर राहायला आले आणि रोज संध्याकाळी फोनवर मराठी श्राव्यकथा लावू लागले, त्याही पूर्ण आवाजात. डोक्यावरून विमान गेलं तरी कथेतल्या सासूचाच आवाज मोठा. समोरच्या भाभीजींना मराठीचं एक अक्षर कळत नाही, पण ती सासू त्यांनाही आवडेनाशी झाली होती.

मी इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. लेक दहावीत आहे. ती जन्मली, वाढली इथेच, त्यामुळे तिचं मराठी अडखळत चालतं. आजोबा आले त्याच दिवशी ती त्यांच्याजवळ बसून म्हणाली, "मी आता खाली आहे, बोला." तिला म्हणायचं होतं, मोकळी आहे.

"खाली कुठं गं? तिसऱ्या मजल्यावर हाईस की," आबा म्हणाले.

झालं. मग रोज तेच. तिने तोंड उघडलं की आबा टपलेले, आणि तिचं वाक्य त्याच दिवशी फोनवरून कऱ्हाडला पोचायचं. पंधरा दिवसांत तिने त्यांच्याशी मराठी बोलणं सोडलं. काही विचारलं की 'जी' किंवा 'नहीं', आणि खोलीचं दार बंद. मला आबांचा भयंकर राग यायचा. मी जेवताना रोज बजावायचे, "आबा, तिची चेष्टा करू नका." ते 'बरं' म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. जित्याची खोड, दुसरं काय.

शेवटी भाभीजींसाठी म्हणून मी आबांना बिनतारी हेडफोन आणून दिले. लेकीने न बोलता ते त्यांच्या फोनला जोडले. आबांनी त्यांचं नाव ठेवलं कानातले. "माझे कानातले कुठं गेले?" असं पांढऱ्या मिशांचा माणूस विचारत घरभर फिरू लागला, की मला हसू आवरायचं नाही.

आठवड्याभराने मी बाल्कनीत वाळलेले कपडे काढायला गेले, तर आबा खुर्चीत आणि लेक त्यांच्या पायाशी फरशीवर. दोघांच्याही कानांत हेडफोन. दोघंही हसत होती आणि घरात कथेचा आवाज म्हणून नाही. ती आधी हसायची, आबा किंचित मागून, कारण त्यांच्या जोडात आवाज जरा उशिरा पोचायचा. तिला सेटिंगमध्ये सापडलं होतं, की एका फोनवरचं दोघांना ऐकता येतं आणि आवाज ज्याचा त्याला कमीजास्त ठेवता येतो. आबांचा पूर्ण, तिचा चतकोर. मीही माझे हेडफोन घेऊन आले.

"आई, हा फोन दोघांनाच घेतो," ती म्हणाली. मला लागलं. पण तिच्या खोलीचं दार उघडं होतं, म्हणून पुन्हा कपडे काढायला लागले.

आबा परत जायच्या आदल्या संध्याकाळी मी बाल्कनीत त्यांच्याजवळ मटार सोलत बसले होते. लेकीने कानातून हेडफोन काढले आणि आबांचा गुडघा हलवला. त्यांनीही काढले.

"आजोबा, या कथेत होस्टेलमधले सगळे त्या मुलीची चेष्टा करतात, तर ती रडते का? चांगलंच आहे ना. तिच्यासाठी कोशिश करतात."

"चेष्टा म्हंजे कोशिश?"

"हां. हिंदीत तेच."

"आपल्यात चेष्टा म्हंजे टिंगल. एखाद्याला हसायचं."

ती माझ्याकडे वळली. "मतलब, तू रोज जेवताना आजोबांना ते सांगायचीस? मला वाटलं, तू म्हणतेस हिच्यावर मेहनत करू नका. हिला मराठी येणार नाही."

दीड महिना हे मनात घेऊन पोरगी माझ्याच ताटाशेजारी जेवत होती. मला फार लाज वाटली.

आबांनी त्यांचे कानातले डबीत ठेवले. "विमान उद्या संध्याकाळी हाय," ते म्हणाले. "तवर मी तुझी चेष्टा करतो. हिंदीतली."

"चालेल," ती म्हणाली. "मी खाली आहे."

या वेळी आबांनी कुठं ते विचारलं नाही.