ईलिंगमधली सुलक्षणा

कडूबा निकाळे १९६६ साली मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपातून ग्लासगोला आले आणि वीस वर्षं शहराच्या बसवर राहिले. आधी कंडक्टर, मग ड्रायव्हर. ती नोकरी सुटल्यावर ते सहलीच्या बस चालवणाऱ्या एका छोट्या कोच कंपनीत लागले. तिथलं काम जरा वेगळं होतं. उत्तरेला कॅलेडोनियन कालवा आहे. जहाजांना एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जाता यावं म्हणून डोंगरांमधली तळी जोडत तो नेलेला आहे. एप्रिल ते ऑक्टोबर एक लहानसं क्रूझचं जहाज तीसेक प्रवासी घेऊन त्यातून सावकाश जायचं आणि कडूबा रिकामी कोच घेऊन काठच्या रस्त्याने सोबत जायचे. जहाज धक्क्याला लागलं की प्रवासी कोचमध्ये चढायचे. त्यांना किल्ला, दरी, रणभूमी दाखवून जेवणाच्या वेळेला परत जहाजावर सोडायचं.

१९८९च्या उन्हाळ्यात त्यांची एकुलती मुलगी सुलक्षणा त्याच कोचवर गाइड म्हणून आली. युनिव्हर्सिटीत हिस्टरी शिकत होती. बाप स्टिअरिंगवर, पोरगी शेजारी मायक्रोफोन घेऊन. बोलणं अस्सल ग्लासगोचं, त्यामुळे म्हाताऱ्या इंग्रज बायका आधी चकित व्हायच्या आणि मग खूश.

"बाबा, तुझी चहा थंड झाली," ती म्हणायची.

"झाला. तो चहा."

"ओके. तो चहा थंड झाली."

कडूबा हसायचे. एवढ्या वर्षांत ते कधी एवढं हसले नव्हते, असं त्यांची बायको रंभाबाई सांगते.

इन्व्हर्नेसजवळ कलोडनचं मैदान आहे. १७४६ साली तिथे एका दुपारच्या लढाईत शेकडो माणसं कापली गेली आणि कुळाकुळाने एकत्र पुरली गेली. कुळांच्या नावाचे दगड आहेत, आणि एका दगडावर नुसतंच 'मिक्स्ड क्लॅन्स' लिहिलंय. बाकीचे गाइड मोठ्या सरदारांच्या गोष्टी सांगत. सुलक्षणा त्या दगडापाशी थांबायची. आपल्या पणजोबांबद्दल सांगायची. पहिल्या महायुद्धात ते फौजेबरोबर मजूर म्हणून मेसोपोटेमियाला गेले आणि परत आले नाहीत. त्यांच्या नावाचा कुठेच दगड नाही. "याखाली झोपलेल्यांनाही कोणी विचारलं नव्हतं, यायचं का म्हणून," ती म्हणायची. कडूबा मागे टोपी हातात घेऊन उभे असायचे. आपल्या आजोबांची गोष्ट त्यांनी लेकीला एकदाच सांगितली होती, ती पाच-सहा वर्षांची असताना.

तिसऱ्या मोसमाच्या शेवटी तिच्या दंडावर काळेनिळे डाग दिसायला लागले. कुठे आपटल्याचं तिला आठवेना. रक्त तपासलं तर ल्युकेमिया निघाला. हॉस्पिटलमधल्या पलंगावर ती पुढचे बेत करत होती. लंडनला टीचर ट्रेनिंग घ्यायचं, ईलिंगला दादासाहेबांकडे राहायचं. दादासाहेब म्हणजे कडूबांचे मनमाडपासूनचे मित्र. फेब्रुवारी १९९२ मध्ये तेच ईलिंगहून आले आणि त्यांनी तिच्या उशाशी त्रिशरण-पंचशील म्हटलं. सुलक्षणा गेली तेव्हा चोवीस वर्षांची होती.

कडूबा एप्रिलमध्ये कामावर गेले. घरी बसून करणार काय?

पुढच्या वर्षी जूनमध्ये जहाजावर मिसेस ऑल्डरसन म्हणून एक रिटायर्ड हेडमिस्ट्रेस होत्या. यॉर्कशायरच्या. कोचमध्ये चढताच त्यांनी कडूबांना ओळखलं.

"तीन वर्षांपूर्वी मी आले होते. तुमची मुलगी कुठेय? मी तिला कधी विसरले नाही हो!"

मागे रांग खोळंबली होती. कडूबांच्या तोंडून निघून गेलं, "लंडनला असते. ईलिंगला."

"टीचर झाली ना? मला वाटलंच होतं."

"होय."

एवढ्यावर थांबलं असतं. पण हा प्रवास आठवड्याचा होता आणि बाई पुढच्याच सीटवर बसायच्या. फोर्ट ऑगस्टसला जहाज लॉकमधून, म्हणजे कालव्यातलं पाणी अडवणाऱ्या दरवाजांमधून, पायरी पायरी उतरत असताना त्यांनी काठावर उभं राहून लग्नाचं विचारलं. झालं म्हणाले. किल्ल्यावरून परतताना मुलाबाळांचं विचारलं. "नोव्हेंबरमध्ये होईल," कडूबा म्हणाले. पुढे ते सांगायचे, "मला लाज वाटत होती, आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी काही विचारलं नाही तर करमतही नव्हतं."

निघताना बाईंनी सुलक्षणाचा पत्ता मागितला. कडूबांनी ग्लासगोच्या घरचाच दिला. आम्ही पुढे पाठवू म्हणाले.

नोव्हेंबरमध्ये पार्सल आलं तेव्हा कडूबा दुकानात गेले होते. रंभाबाईला इंग्रजी जेमतेम वाचता यायचं, पण लेकीचं नाव तिने ओळखलं. आत तान्ह्या बाळाचं पांढरं लोकरीचं जॅकेट होतं, हाताने विणलेलं.

कडूबा आले तेव्हा ते तिच्या मांडीवर होतं.

"अहो, हे काय आहे?"

त्यांनी सांगितलं.  तीन दिवस तिने त्यांना जेवायला वाढलं, आणि एक शब्द बोलली नाही. चौथ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्या बाईला काय काय सांगितलं? सगळं सांगा मला."

"जाऊ दे ना, रंभा."

"तिला सांगितलं, मला का नाही?"

मग ते सांगत गेले. प्रायमरी स्कूल. स्टेशनजवळ घर. वर्गातली मुलं तिच्यावर जीव टाकतात.

"आणि जावई?"

"ते बाईंनी विचारलं नाही."

"मी विचारते."

कडूबांनी भाजीची एक जुडी ओढून निवडायला घेतली. "विनय. शांत मुलगा आहे. तिचं मराठी सुधारतो."

रंभाबाई हसली. हसता हसता तिने पदर तोंडात कोंबला आणि अख्खं अंग गदगदायला लागलं. सुलक्षणा गेल्यापासून ती दोघं एकत्र अशी रडली नव्हती. ते इकडे, ती तिकडे, असंच चाललं होतं.

डोळे पुसून ती म्हणाली, "आता खरं लिहा तिला. म्हातारी माणूस. रात्री जागून विणलं असेल."

चार ओळींच्या पत्राला तीन दिवस लागले. 'माय डॉटर इज' असं लिहायचे, खोडायचे, पुन्हा नवा कागद घ्यायचे. शेवटी एकदाचं 'वॉज' लिहिलं आणि जॅकेटबरोबर पोस्टात टाकलं.

मिसेस ऑल्डरसनचं उत्तर आलं नाही. रागावल्या, की आजारी पडल्या, की काय लिहावं ते सुचलं नाही, कळायला मार्ग नव्हता. रंभाबाई वसंतापर्यंत रोज टपाल बघत होती. मग मोसम सुरू झाला आणि कडूबा कोच घेऊन उत्तरेला गेले.