उकंडाने न उचललेला बेल

१९५४, पौषातला सोमवार. मंडळी तीन: मी, पत्नी सुशीला आणि दमणी (झाकलेली बैलगाडी) घेऊन आम्हाला वाशिमहून न्यायला आलेला मेहुणा बापूराव. सामान: वळकटी, पाण्याचा तांब्या, लिंबे. मुक्काम केनवड. काम हुरडा खाणे.

वाटेत चाकाची खीळ निसटली, ती शोधण्यात सकाळ गेली. पण दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याच्या वर उभी, हवेत गारवा. तक्रार कोणाचीच नव्हती. केनवडला पोचतो तर मारुतीच्या पारावर गाव जमलेले. हुरडा राहिला बाजूला, मी उतरून थेट तिकडेच गेलो.

बापूरावने भांडण समजावले. गयाबाईचा नवरा आणि त्याचा भाऊ सखाराम यांनी मिळून विहीर खणली. नवरा वारला. आता सखाराम म्हणतो, विहिरीत भावाचा वाटा ठरलाच नव्हता. पाणी गेले तर बाईची वांगी-मिरची जळणार, म्हणजे पोटच जाणार. भावाभावांचे वाट्याचे बोलणे झाले तेव्हा हजर होता एकच माणूस, शेजारच्या शेतात भाजी पिकवणारा उकंडा. आणि उकंडा देव मानत नाही.

पाटलांनी ताटात बेलभंडार (बेलाचे पान आणि हळद) ठेवले. इथे ते उचलून सांगितले की खरे धरतात.

"वाटा ठरला व्हता, म्या आयकलं," उकंडा म्हणाला. "पन बेल उचलत नाही."

"मंग तुह्या शब्दाले कोन इचारते?" सखाराम म्हणाला. "ज्याले देवाचं भेव नाही, तो काईबी बोलन."

गयाबाई पुढे आली. "उचल न रे भाऊ. तुह्यासाठी पानच तं हाय."

"म्हनूनच नाही उचलत, बाई. मले पान, अन् या लोकाइले देव. याइले फसवून खरं सांगू काय?"

"आला मोठा हरिश्चंद्र," मागून कोणी म्हणाले. लोक हसले. गयाबाई तेवढी हसली नाही.

पाटलांनी ताट सखारामकडे सरकवले. "बरं, तू उचल. वाटा नव्हता म्हन."

मी टाचा उंचावून पाहत होतो. सखाराम दर शनिवारी याच मारुतीला तेल वाहणारा. त्याचा हात पानापर्यंत गेला, थांबला आणि परत आला.

"मंगळवारचं अन् शुक्रवारचं पानी तिचं," तो खाली पाहत म्हणाला.

मग शेतात हुरडा, लसणाची चटणी आणि आमचा जोरदार वाद. सुशीला म्हणाली, देवाच्या भयानेच न्याय झाला. मी म्हणालो, मग उकंडाला कोणाचे भय होते? बापूराव म्हणाला, आधी तोंडातला घास संपवा.

परत निघताना उकंडा बांधावर भेटला. पुढच्या हंगामासाठी त्याला पानकोबीचे चांगले बी हवे होते.

"अकोल्याहून पाठवतो, देवाशपथ," मी बोलून गेलो.

"देवाले कायले मधात घालता, साहेब? तुमीच पाठवा न."

घरी आलो, वळकटी उन्हात टाकली, उरलेली लिंबे मुरवायला दिली. सुशीलेचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही. त्याला घाई नाही. दुकानात मात्र दोनदा जाऊन आलो. माल आलेला नाही. पानकोबीचे बी पाठवायचे राहिले आहे.