अंगणातला आपटा
दसऱ्याला बाजारात आपट्याच्या पानांचे ढीग दिसले की मला ऐंशी सालच्या आसपासचं, भंडाऱ्याकडच्या सानगडीचं आमचं अंगण आठवतं. तिथे जोडपानांचं एक झाड आपोआप उगवलं होतं, आणि त्याला आपटा समजून बाबा दर दसऱ्याला त्याचीच पानं सोनं म्हणून गावभर वाटत. एका फाल्गुनात त्या निष्पर्ण झाडाला पहिल्यांदाच तळहाताएवढी गुलाबी-जांभळी फुलं आली. आपट्याला कुठली अशी फुलं! "इतके वर्षं लोकाईले खोटं सोनं वाटलं का आपन?" असं म्हणत बाबांनी कुऱ्हाड काढली. तेवढ्यात वहिनी धावत आली. फौजेतल्या भावाने घरी न विचारता लग्न करून तिला हिमाचलातून आणलं होतं, आणि बाबा अजून तिच्याशी बोलत नव्हते. "मत काटिए, ये कचनार है. मेरे मायके में भी है." कचनार म्हणजे आपला कांचन. मी विचारलं, "तुमच्या थंडीत जगते हे?" ती म्हणाली, "सुबह घास पर बर्फ जमती है, तब भी खड़ा रहता है." मग तिने कळ्या खुडल्या आणि दह्यात शिजवून ताटात वाढल्या. बाबांनी भाजी पुन्हा मागितली, पण आईकडे बघून. कुऱ्हाड परत सपरीत, ओसरीच्या कोपऱ्यात गेली. त्या दसऱ्याला मात्र बाबांनी त्याच झाडाचं पहिलं पान तिच्या हातावर ठेवलं. "घे बाई, सोनं घे. आपल्या घरचं हाये." आज मला आपट्याचं आणि कचनारचं पान बरोबर वेगळं ओळखता येतं, आणि दसऱ्याला मी कचनारचंच पान वाटते.