पडद्यामागची होडी

रिसोडहून जीपमधून सिनेमा आला तेव्हा मी चौथीत होतो. लहान मुलांसाठीचं फ्रेंच कार्टून होतं. एक पोरगा होडी घेऊन हरवलेल्या बापाला शोधायला समुद्रावर निघतो. भाषा कोणालाच कळली नाही. चावडीपुढे पांढऱ्या धोतराचा पडदा बांधला. गाव पुढे बसलं, आम्ही बौद्धपुऱ्यातली पोरं रिवाजाप्रमाणे पडद्यामागे. कापडातून चित्र आरपार दिसायचं. मागून ते उलटं दिसतं हे आम्हाला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पाटीवर ती होडी काढायला लावली. साऱ्या वर्गाची होडी उजवीकडे निघाली, आमची डावीकडे.

"उलटी काहून काढली रे?"

"मले तशीच दिसली, गुरुजी."

गुरुजींनी माझी पाटी हातात घेतली. पडदा त्यांनीच बांधला होता. मग त्यांनी माझी होडी ओल्या फडक्याने पुसली आणि म्हणाले, "आता नीट काढ."