मधल्या धुऱ्याचा लहानू

चांदा जिल्ह्यातल्या मूल शहरापासून दोन कोसांवरच्या त्या गावात लहानूला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याला चिडवलं नाही असाही नव्हता. नाव लहानू आणि अंगानं सहा फूट, इथूनच सुरुवात. पुढं चांद्याच्या एका कोळसा खाणीनं त्याला फुटबॉल खेळण्यासाठी नोकरीवर ठेवलं, तेव्हा लोकांना आणखी एक विषय मिळाला. नुसतं उभं राहण्याचा पगार घेणारा गावातला पहिला माणूस, असं ते म्हणत.

त्यात फारसं खोटं नव्हतं. लहानू बचावाला खेळे. आपल्या गोलासमोर तो असा उभा राही की समोरच्या गड्यानं चेंडू सोडून द्यावा आणि वाट बदलावी. सतरा वर्षं खेळला. पण सतरा वर्षांत मैदानाची मधली रेघ त्यानं एकदाही ओलांडली नाही.

त्या रेघेचं मूळ गावात होतं. लहानूच्या बापाची आणि चुलत्याची धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, लागून; मध्ये हातभर रुंदीचा धुरा, म्हणजे बांध. धुऱ्यावरची तूर कोणी कापायची यावरून दोघे भाऊ असे भांडले की दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. लहानू तेव्हा दहा वर्षांचा. बापानं आण घातली, "त्या धुऱ्यापलीकडं पाय टाकशीन तर माह्यं मेलं तोंड पाहाशीन." पण धान कापल्यावर गावातल्या पोरांना खेळायला दुसरी जागाच नव्हती. मग पलीकडून चुलत्याचा सोमाजी चेंडू मारायचा आणि अलीकडं लहानू अडवायचा. चेंडूनं धुरा ओलांडलेला चालायचा, पायानं नाही. पुढं आण घालणारा बाप वारला, पण आण काही गेली नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या एका अंतिम सामन्यात तर कहरच झाला. गोल कोणाचाच नाही, खेळ संपायला मिनिटभर उरलेलं. समोरचा गोलरक्षक पुढं धावत आला आणि घसरून आडवा झाला. चेंडू लहानूच्या पायाशी, पुढं सगळं मैदान मोकळं. लहानू चेंडू घेऊन निघाला, मधल्या रेघेपर्यंत आला, थांबला, वळला आणि चेंडू आपल्याच गोलरक्षकाकडं परत पाठवून दिला. मग नाणं उडवून निकाल लागला आणि कप दुसऱ्यांनी नेला. खाणीच्या साहेबानं जाब विचारला तेव्हा लहानू शांतपणे म्हणाला, "साहेब, तिकडचं माह्याकडं नाई."

गुडघा गेल्यावर खाणीनं त्याला प्रशिक्षक केलं. त्याच्या हाताखाली संघानं एका हंगामात अकरा सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही आणि एकही केला नाही. शेवटी मोठ्या मानानं त्याची बदली गोदामावर झाली, कारण तिथून काही बाहेर जाऊ न देणारा माणूस हवाच होता. पंच्याऐंशीत नोकरी सोडून तो गावी आला. बायको अंजनाबाई इतकी वर्षं एकटीनं शेती सांभाळत होती. ती म्हणाली, "मैदानाचं जाऊ द्या, सैपाकघराचा उंबरठा तरी ओलांडून पाहा एकडाव."

गावातली तरणी पोरं, कोणी राइस मिलमध्ये हमाल, कोणी शेतावर, खेळ शिकायला त्याच्याकडं आली. लहानूनं आपल्या बांधीत त्यांना घाम गाळायला लावला. पलीकडच्या बांधीत आता सोमाजीची लाखोळी, धानामागून येणारं कडधान्य, हिरवीगार उभी. उभ्या धानातच तिचं बी फेकायची रीत आहे. धान कापलं की खाली ती तयार. म्हणून सराव कायम अर्ध्याच मैदानाचा.

शहाऐंशीच्या एप्रिलात भीमजयंतीच्या स्पर्धेला संघ मूलला गेला. पोरांनी अडवलं झकास. पण मधली रेघ ओलांडली की नव्या सासुरवाडीत आल्यासारखी ती बावरून उभी राहत. पहिल्याच सामन्यात बरोबरी झाली, चिठ्ठी टाकली गेली आणि चिठ्ठीनं दगा दिला. परतताना जीपमध्ये कर्णधार मंगरू म्हणाला, "काका, आमाले अर्धंच मैदान मालूम हाय. उरलेलं कोन शिकवन? असंच राह्यलं तर औंदा पोरं सोडून जातीन."

लहानूला हे लागलं. आयुष्यभराची चेष्टा त्यानं हसून घेतली होती, पण ही पोरं आपल्यासारखी होऊन राहिली आहेत हे त्याला सहन होईना. सोमाजीनं एक वर्ष लाखोळी टाकली नाही तर मैदान पुरं होणार होतं. म्हणजे धुरा ओलांडून त्याच्याकडं मागायला जायचं. तेही अशा माणसाकडं, ज्यानं गेली बारा वर्षं धुरा नुसता पडीक ठेवला होता. स्वतः तूर लावीना आणि दुसऱ्याला ये म्हणेना.

ऑक्टोबरात धान पिवळं पडू लागलं. सोमाजी लाखोळीच्या बियांची टोपली घेऊन बांधीत उतरताना दिसला आणि लहानू धुऱ्यापाशी जाऊन उभा राहिला. बराच वेळ नुसताच उभा. त्यात तो पटाईत होताच.

सोमाजीनं टोपली खाली ठेवली. "काऊन उभा हायेस? ये."

लहानूनं दुखरा पाय उचलला आणि पलीकडं टाकला. आभाळ काही कोसळलं नाही. "जयभीम, सोमाभाऊ," तो म्हणाला आणि मंगरूचं सगळं बोलणं सांगून मोकळा झाला.

सोमाजी ऐकत राहिला. मग म्हणाला, "चौऱ्याहत्तरची मॅच पाहाले मी आलतो चांद्याले. तुले नाई सांगतलं. तू रेघेवरून वापस फिरला, सारे लोक तुले शिव्या देऊन राह्यले होते. मले एकट्यालेच समजलं तू कोनत्या धुऱ्यावर थांबला. त्या सालापासून मी धुऱ्यावर तूर नाई लावली. हिंमतच नाई झाली."

लहानूला रडू आलं, आणि सहा फुटी माणसाला ते लपवायला धान पुरेना. सोमाजीनं टोपली उचलून डोक्यावर घेतली. "लाखोळी नाई टाकत औंदा. पन गोल पाहिजे मले."

सत्त्याऐंशीच्या एप्रिलात पोरं पुन्हा मूलला गेली आणि तीन गोल खाऊन हरली. पुढं जायच्या नादात मागं कोणी राहिलंच नाही, प्रशिक्षक लहानू असूनही. पण सामना संपता संपता मंगरूनं एक गोल ठोकला. त्यासरशी लहानू दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत मैदानात घुसला, मधली रेघ ओलांडून थेट समोरच्या गोलापर्यंत गेला आणि जाळी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. पंच शिट्टी वाजवत धावला, "ओ काका, इकडं कुठं? निघा बाहेर."

कडेला सोमाजी बसला होता. तो उठून उभा राहिला.

"राहू द्या, साहेब," तो म्हणाला. "ते बी वावर त्याचंच हाय."