न मागितलेली टिप

माझ्या मुलीच्या लग्नात बनारसला बालाजी घाटाजवळच्या हॉलवर पंगतीत वाढायला साठीचे एक गृहस्थ होते. तिथलेच, पण मराठी लग्नांत वावरून "अजून थोडा भात?" एवढं मराठी शिकलेले. माझ्या आत्याला दात नाहीत हे पाहून त्यांनी न सांगता तिचा भात चमच्याने वरणात मऊ कालवून दिला.

केटररच्या, म्हणजे ठेकेदाराच्या, बिलात सर्व्हिस चार्ज होता. तो तुम्हाला मिळतो का, मी त्यांना विचारलं.

"वो तो ठेकेदार का होता है, बाबूजी."

मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर मी त्यांच्या हातात पाचशेची नोट कोंबली.

तासाभरात ते ती परत द्यायला आले. यजमानांकडे पैसे मागितले म्हणून ठेकेदाराने त्यांना काढून टाकलं होतं. "आप कह दीजिए, हमने माँगा नहीं था."

मी लगेच जाऊन सांगितलं. ठेकेदार नम्रपणे हसला. "जी, देख लेंगे."

महिन्याभराने भाच्याच्या मुंजीला तोच ठेकेदार होता. मी त्या गृहस्थांची चौकशी केली. एक वाढपी खालमानेने म्हणाला, "बदनाम हो गए. अब कहीं काम नहीं मिलता."

मी पानावर बसलो खरा, पण वाढायला कोणी पुढे आलं की मला मान वर करवेना.