कठड्याचे आभार

हौसाबाईंचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला अर्धा इंची आणि पाऊण इंची पाइपातला फरक समजावून सांगत होतो. शहापुरात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. नळ, पाइप, बिजागऱ्या, स्क्रू... घरात माणसाला जे जे धरायला, टांगायला, टेकायला लागतं ते सगळं माझ्याकडे मिळतं. ही जाहिरात नव्हे. पुढे लागणार आहे म्हणून आधी सांगून ठेवतो.

"दादा, आत्या पडल्या," हौसाबाई म्हणाल्या. त्या आत्याच्या शेजारीण. "मागल्या पायऱ्यांवर. मला एकटीला उठवत नाय. तुमी लवकर या."

"कितव्या पायरीवर?" मी विचारलं. म्हातारं माणूस पडलंय आणि हे गृहस्थ पायरीचा नंबर विचारतायत! पण त्या चार पायऱ्यांवरून माझं आठ महिने भांडण चालू होतं आणि भांडण चालू आहे हे फक्त मला ठाऊक होतं.

एस्तेर आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, भातसा धरणावर नोकरीला. माझी आई लवकर गेली, म्हणून पाचवीपासून मी भातसानगरला त्यांच्या क्वार्टरमध्येच वाढलो. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि मला पाहिल्यावर नसल्याचं दुःख कमी झालं असावं. काका गेल्यावर आत्या धसईला आली, बाजारापासून जरा आत, दोन खोल्यांच्या घरात. मागे चार दगडी पायऱ्या उतरून न्हाणीघर. उठताबसता देवाचे आभार मानणारी बाई म्हटली की लोकांना ती गोड स्वभावाची वाटते. आत्या गोड नव्हती. माझ्या लग्नाच्या बोलणीत तिनं सरळ सांगितलं होतं, "पोरगा आळशी आहे, पन खोटा बोलत नाय." यातलं अर्धंच खरं निघालं, हे माझी बायको शीला आजही पाहुण्यांना सांगते.

आभार मानणं हा तिचा स्वभाव नव्हताच, तिनं ती सवय लावून घेतली होती. आणि लावून घेतली ती तांदूळ निवडताना. काकांना पगार बरा होता, पण तांदूळ धसईच्या बाजारातून, शेतकऱ्याकडून घ्यायचा, म्हणजे खडे आलेच. संध्याकाळी ती सूप घेऊन बसायची आणि मला समोर बसवायची. खडा निघाला की एक आभार. मोठ्यानं. आणि नवा... कालचा चालायचा नाही. "दाताखाली येयाच्या आधी हाताला लागला ना? मंग मान आभार," असा तिचा हिशेब. निघालेला खडा बरणीच्या पत्र्याच्या झाकणात टाकायचा. ती म्हणायची, "आज उजव्या गुडघ्यानं त्रास दिला नाय, त्याबद्दल." नाहीतर, "समोरच्या क्वार्टरवाली भांडायला आली नाय, त्याबद्दल." मला चार दिवसांत सुचायचं बंद झालं. मग मी एक युक्ती काढली. खडा दिसला की तो गुपचूप परत तांदळात सोडायचा. खडा नाही, आभार नाही! तो खडा रात्री काकांच्या दाताखाली आला. काकांनी तो काढून ताटाच्या कडेला ठेवला. आत्या माझ्याकडे बघत होती. "तुला दिसला होता," एवढंच म्हणाली.

काका गेले तेव्हा वर्षभर ती धड कुणाशी बोलली नाही. चर्चमध्ये प्रार्थनेला यायची, पण ओठ मिटून. सूप भिंतीला टांगलेलं. मला वाटलं, संपलं. मग एका संध्याकाळी मी गेलो तर बाई सूप घेऊन बसलेली. खडा काढला, बराच वेळ हातात धरला, आणि म्हणाली, "त्यांचा डबा आता भरायला लागत नाय..." आणि रडायला लागली. हा आभार होता की तक्रार, मला कळेना. मी विचारलंसुद्धा, अक्कल तेवढीच. ती म्हणाली, "आज एवढाच आला. आभार आपसूक येत नाय रे शामू. विरजण लावतो तसे लावायला लागतात, रोज थोडे. एखाद दिवशी नासतात पन."

तिची दुसरी खोड मात्र मला कधीच झेपली नाही. ती न झालेल्या गोष्टींचे आभार आधीच मानून ठेवायची. दहावीच्या निकालाआधी माझ्या गणिताचे मानले होते. मी नापास झालो. तिनं ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेचे मानले, तेव्हा सुटलो. गेल्या वर्षी मी तिच्याकडे गेलो असताना मागच्या पायऱ्या उतरताना ती भिंतीला हात लावत लावत उतरली. मी बोलून गेलो, "आत्या, इथं कठडा लावून देतो." पुढच्याच रविवारी मुरबाडच्या चर्चमधल्या उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला उपकारस्तुती करायची आहे का, म्हणजे उठून देवाचे आभार मानायचे आहेत का? आत्या उठली. "प्रभू, माझा शामू माझ्या मागल्या पायऱ्यांना कठडा लावनार आहे, त्याबद्दल तुझे आभार." सगळी मंडळी म्हणाली, "आमेन." मी शेवटच्या बाकावर वाकून बुटाची नाडी बांधत होतो. माझ्या बुटाला नाडी नाही.

"आत्या, अजून लावलाय कुठं मी?" बाहेर आल्यावर मी म्हटलं.

"मंग लाव."

"लावल्यावर मान ना आभार."

"लावल्यावर तर कोन पन मानील. त्यात विश्वास कुठं आला?"

दर रविवारी हेच. मंडळीतले लोक मला चहाला गाठून विचारायचे, "काय शमुवेलराव, लागला का कठडा?" आमेन म्हणणारे वीस-पंचवीस, ड्रिल मशीन असलेला मी एकटा. लोकांना मी सांगायचो की वेळ नाही, वेल्डर मिळत नाही, दुकान सोडवत नाही. खरं इतकंच होतं की मला राग आला होता. मला देवापुढे नेऊन बांधून घातलंय असं वाटायचं. मीही मनात म्हटलं, बघू या, आभार आधी थकतात की मी. पन्नाशीला आलेला माणूस, आणि पैज लावली ती बाहत्तर वर्षांच्या बाईशी, तिला न सांगता.

तरी मी एकदा कठड्यासाठी पाइप कापला होता. मोजून, सहा फुटी, टोकं घासून गुळगुळीत केलेली. तिच्या हाताला लागू नयेत म्हणून. दोन महिने तो गल्ल्यामागे उभा होता. मग वैशाखरे गावचा एक माणूस आला, त्याला घाई होती, नेमका सहा फुटीच हवा होता... मी तो विकला. म्हटलं, आत्याचा काय, उद्या दुसरा कापू.

ती तिसऱ्या पायरीवर पडली. खुब्याचं हाड मोडलं. कल्याणच्या दवाखान्यात अकरा दिवस होती. संध्याकाळ झाली की तिची बोटं चादरीवर हलायची, तांदूळ निवडल्यासारखी. खिडकीजवळची खाट मिळाली त्याबद्दल आभार. कूस बदलताना हळू हात लावणाऱ्या मावशींबद्दल. हौसाबाईंबद्दल. मी पायथ्याशी बसून तिच्या यादीत ते एक वाक्य येतंय का याची वाट बघायचो. आठ महिने ज्या वाक्यानं माझं डोकं उठवलं, ते मला आता ऐकायचं होतं. ते आलं नाही. दहाव्या दिवशी मीच म्हटलं, "आत्या, कठडा राहिला."

तिनं डोळे उघडले. "आता कशाला रे?" म्हणाली.

त्यात राग असता तर मला चाललं असतं.

अकराव्या दिवशी ती गेली. दफनाच्या दिवशी पाळकसाहेब म्हणाले, तिला रडणं आवडलं नसतं, आपण आभारच मानू या. एकानं मानले की देवानं तिला फार त्रास न देता नेलं. कूस बदलताना ती कशी विव्हळायची ते मी अकरा दिवस ऐकलं होतं. मी आमेन म्हटलं नाही. आणखी कुणी म्हणालं, देवाची योजना असते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, योजना नव्हती, पाइप होता, तो मी विकला! पण माझ्यात तेवढीही हिंमत नव्हती. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की जे आभार तिला रोज थोडे थोडे, दात-ओठ आवळून लावायला लागायचे, ते या लोकांना चुटकीसरशी जमले. मला ते त्यांच्यासारखे नकोत. आणि तिच्यासारखे येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी कठडा लावला. दोन तास लागले, चहा धरून. खाली उभ्या हौसाबाई म्हणाल्या, "बरा झाला दादा, लावलात. माझं पन गुडघं..." आणि मधेच थांबून पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर तिचं सूप होतं. अर्धे तांदूळ निवडलेले, अर्धे तसेच. शेजारी पत्र्याच्या झाकणात तीन खडे. कशाकशाचे आभार होते ते आता कळायचं नाही. कदाचित त्यातला एक कठड्याचा असेल. महिनाभर मी सुपाला हात लावला नाही. गेल्या रविवारी ते घेऊन वरच्या पायरीवर, कठड्याला टेकून बसलो आणि उरलेले तांदूळ निवडायला घेतले. बऱ्याच वेळानं एक खडा लागला. मी तो बोटात धरून बसलो. काही सुचलं नाही. खरंच काही नाही... मग मी तो परत तांदळात सोडून दिला.

तांदूळ आणि झाकण दोन्ही शहापूरला घेऊन आलो. रात्री शीलानं त्याचाच भात केला. दुसऱ्याच घासाला दाताखाली कच्चकन आलं.

"काय हो, निवडताना दिसला नाही का?" शीला म्हणाली.

"दिसला होता," मी म्हटलं.

मी खडा धुतला आणि झाकणात ठेवला, आत्याच्या तीन खड्यांपासून जरा लांब.